दोनशे माणसांची खीर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते खरवडीसारखे असतात. खीर वाढून होते, माणसं हात धुऊन घरी जातात, आणि तळाला जे चिकटलं ते चिकटूनच राहतं. माझ्या तळाला असं बरंच आहे. नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." तर लिही बाई!

आटपाट नगर म्हणावं असं काही आमचं गाव नव्हतं. कृष्णेच्या काठाला, सातारच्या खाली आणि सांगलीच्या वर. तिथं एक आबा राहत होते. आबांना एक मुलगा, तो आमचा तात्या. तात्याला एक बायको, ती आमची आई. त्यांना एक मुलगा शंकर आणि एक मुलगी हौसा. हौसा म्हणजे मी. आणि या पाच जणांच्या घरात एक काहील होती, जिच्यात पाचही जण मांडी घालून बसले असते!

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. आमची जुनी, कडेला ठिगळ मारलेली. रस आटवायला नवी आणलेली होती. जुनीत फक्त आबांची खीर व्हायची. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण दोनशेपर्यंत मोजायला शिकले ते त्या खिरीच्या पत्रावळ्यांवर.

*

खीर मुळात आबांच्या आजीची. खपली गव्हाची. खपली भिजवायची, उखळात कांडायची, पाखडायची, दाणा फुटेस्तोवर शिजवायची, मग गूळ, खोबरं, सुंठ, बडीशेप. वाढताना वरून दूध. म्हातारी घरच्या सात माणसांपुरती करायची. तिला चार नातवंडं, पण तळाची खरवड ती एकट्या आबांना द्यायची. का, ते तिनं सांगितलं नाही. आबांनी विचारलं नाही. खरवड मिळत असताना कोण विचारतो!

पुढं जर्मनाच्या पहिल्या लढाईत आबा पलटणीत गेले. तिथं त्यांच्या हातातली बंदूक काढून उलातणं दिलं आणि त्यांना लांगरी केलं. लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी. एका सणाला सुभेदार म्हणाला, "लांगरी, जवानांना कायतरी गोड कर." आबांनी आजीची खीर केली, दोनशे माणसांची. मग दर सणाला तीच ऑर्डर! लढाई संपेपर्यंत आबा दोनशे माणसांची खीर करत राहिले.

घरी आले तेव्हा आजी गेलेली होती. भाऊबंद म्हणाले, "आता म्हातारीची खीर तुलाच येती. कर."

आबा चुलीपुढं बसले. पातेल्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सात मानसांची कशी करायची," आबा म्हणाले, "त्ये इसरलो!"

*

तेव्हापासून आमच्या घरात खीर खावीशी वाटली की आधी दोनशे माणसं शोधायची.

माझ्या बारशाला एकशेवीस माणसं जमली. सुगीचे दिवस, लोक रानात. खीर तयार, पत्रावळ्या तयार, माणसं कमी. आबा उठले, डोक्याला पटका गुंडाळला आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. समोरून सहा बैलगाड्या आल्या. एक वऱ्हाड पलीकडच्या गावाला लग्नाला चाललं होतं.

"थांबा!" आबांनी हात आडवा केला. "ऐंशी कमी पडत्यात!"

"आवं, आमाला म्हुर्त हाय!" वरबाप म्हणाला.

"म्हुर्त हाय तर बिगीबिगी जेवा!"

वऱ्हाड जेवलं. दोन-दोन वेळा मागून जेवलं. लग्नघरी पोचल्यावर एकाही वऱ्हाड्याला पुरणपोळीचा घास गिळेना. नवरीच्या बापानं आबांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. नवरा मात्र पुढं दरवर्षी विचारायचा, "लांगरी आबा, आता बारसं कवा?"

*

तात्याला हिशेब यायचा. एका दिवाळीला तो म्हणाला, "आबा, सांगा माप. मी भागाकार करतो."

आबांनी सांगितलं, "आठ पायल्या खपली. दोन ढेपा गूळ. चाळीस वाट्या खोबरं. सुंठ आन् बडीशेप मिळून तीन मुठी."

तात्यानं भिंतीवर कोळशानं मांडलं आणि वीसनं भागलं. खपली जमली, गूळ जमला, दोन वाट्या खोबरं जमलं. सुंठीपाशी अडलं. तीन मुठींचे वीस वाटे करायचे कसे? आई म्हणाली, "मूठ कुनाची? माझी का मामंजींची?" शेवटी चिमटीवर भागलं.

दहा माणसांची खीर झाली. म्हणजे दाणे कडक राहिले, गूळ करपला आणि मधोमध पळी आपोआप उभी राहिली. आबांनी बोटावर घेतली, चाखली, आणि आईला म्हणाले, "पोरी, ही खीर न्हाई, गिलावा हाय. गोठ्याची भित ढासळलीया, तिला लाव."

आईनं ती खीर बैलांना घातली. बैलांनी खाल्ली, पण आबांकडं बघत बघत खाल्ली!

*

खरवडीचा मात्र कायदा होता. पंगती उठल्या की आबा पाय धुवायचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचायचे आणि काहिलीत उतरायचे. गावाकडं पाठ करून बसायचे आणि उलातण्यानं तळ खरवडून खायचे. एकटे. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. पाटील आले तरी बाहेर थांबायचे.

सात वर्षांची असताना मी कडेवरून बोट बुडवलं. उलातण्याचा फटका असा बसला की बोट दोन दिवस सुजलं.

"आबा, एवढीशीच!"

"एवढीशी बी न्हाई. माझ्या आजीनं मला खरवड दिली, म्हनून मला खीर येती. ही ज्याला द्यायची त्यालाच द्यायची."

"मग शंकरदादाला देनार?"

"बघू."

"मग मला?"

आबांनी पाठ फिरवली. ते "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत!

*

दुसरी लढाई लागली आणि शंकरदादा भरती झाला. आमच्याकडं त्यात रडण्यासारखं काही नसायचं. घरटी एक जायचाच. आईनं दशम्या बांधून दिल्या, आबांनी एकच विचारलं, "लांगरी का शिपाई?"

"शिपाई."

"मग जपून."

दीड-दोन वर्षांनी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी ओट्यावर उभं राहून वाचला. वाळवंटातल्या लढाईनंतर शंकर बेपत्ता. आई उंबऱ्यात बसली. तात्या उठून रानात गेला.

आबा म्हणाले, "मास्तर, बेपत्ता म्हंजे काय? त्याचा पत्ता आपल्याला ठावं न्हाई, हेच ना?"

"व्हय आबा."

"मग काय झालं? आपला पत्ता त्याला ठावं हाय की!"

आणखी वर्ष गेलं तेव्हा एक छापील कार्ड आलं. मी बरा आहे, कैदेत आहे, एवढंच छापलेलं. खाली एका ओळीची जागा. तिथं दादानं लिहिलं होतं : आबांना सांगा, सुटलो की पहिल्या बेंदराला खीर.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. आबांनी त्याच दिवशी आठ पायल्या खपली निवडून कणगीत भरली. दोन ढेपा गूळ माळ्यावर चढवला. चाळीस वाट्या खोबरं पोत्यात बांधलं. दर सुगीला खपली बदलायची, जुनी घरात खायची, नवी भरायची. धान्याची टंचाई आली, सरकार घरोघरचं धान्य मोजून नेऊ लागलं, आम्ही ज्वारीत मका मिसळून खाल्ला. पण त्या कणगीला हात लागला नाही.

त्यानंतर दादाचं कार्ड आलं नाही.

*

ते दिवस आमच्या भागात भूमिगतांचे. इंग्रजाविरुद्ध उठलेली पोरं उसात लपायची आणि गावं त्यांना भाकरी पोचवायची. पोलिसांचा डोळा चुलीवर! कोणाच्या घरी माणसांपेक्षा जास्त शिजतंय?

एक दिवस फौजदार पाच पोलीस घेऊन आमच्या दारात. कणगी उघडली, माळा बघितला, पोतं सोडलं.

"म्हाताऱ्या, घरात माणसं किती?"

"पाच. त्यातला एक लढाईत कैद झालेला."

"आणि हे सामान किती माणसांचं?"

"दोनशे."

फौजदाराचे डोळे चमकले. "कोण खाणार हे?"

"नातू."

"एकटा नातू दोनशे माणसांचं खाणार?"

"न्हाई साहेब, त्यो वाडगाभर खाईल. पर वाडगाभर खीर मला येत न्हाई."

फौजदाराला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो म्हणाला, "ठीक. उद्या दुपारी माझ्यासमोर खीर कर. नाही जमली तर बेड्या."

आबांनी कणगी झाकली. "ह्यातली न्हाई. ही शंकरची."

मग गावानं घरटी शेर-शेर कांडलेली खपली आणली, गुळाचे खडे आणले. दुसऱ्या दिवशी दुपारी काहिलीला उकळी आली. फौजदार खुर्ची टाकून बसला होता. वाढायची वेळ झाली तसं आबांना पलटण आठवली. ते ओरडले, "बसलाय काय? घ्या पळी!" फौजदार उठला. खरंच उठला! टोपी काढून ठेवली आणि शेवटच्या पंगतीला स्वतः वाढलं.

त्या पंगतीत चार जण असे होते, जे गावातले नव्हते आणि पोलिसांतलेही नव्हते. त्यातल्या एकाला फौजदारानं आग्रह करून तिसऱ्यांदा वाढलं.

जाताना फौजदारानं काहिलीत डोकावून विचारलं, "तळाला राहिलंय ते?"

"साहेब," आबा म्हणाले, "त्ये सरकारच्या हातातलं न्हाई."

*

लढाई संपायच्या सुमाराला आबांना हिवताप झाला. आठ दिवस अंग भाजत होतं. वैद्यांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "काय विचारायचं असंल तर विचारून घ्या."

आईला एकच विचारायचं होतं. पोरगा आला आणि म्हातारा नसला तर? तिनं मला जवळ बसवलं, माझी स्मरणशक्ती चांगली म्हणून. "आवं मामंजी, खीर सांगून ठेवा."

आबा डोळे मिटून बोलायला लागले. "पहाटे पाचला लाकडं. सहाला पाणी चढवा. ढवळायला आठ जवान, दोन राखीव."

"आठ जवान कुठनं आणू?"

"हवालदाराला सांग."

"बरं. गूळ कवा?"

"दाना हसला की."

"आन् उतरायची कवा?"

"तळ सांगतो."

"तळ काय सांगतो?"

आबांनी एक डोळा उघडला. "त्ये खरवडीत कळतं," म्हणाले, आणि कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आबा उठून बसले आणि पहिलं काय विचारलं, तर, "आठ जवान मिळाले का?"

*

लढाई संपली. गावातले तिघं परत आले. वर्ष झालं. बेंदूर पंधरा दिवसांवर आला.

एक दिवस दारात एक उंच माणूस उभा. खांद्यावर घोंगडं, पायात मिलिटरी बूट. म्हणाला, "मी बिरू. जतकडचा. मेंढरं राखतो. लांगरी आबाचं घर हेच न्हवं?"

आईनं पाणी दिलं. तो ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "खिरीला आलोय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

बिरू सांगू लागला. "शंकर आन् मी एका कॅम्पात कैदी. एका बराकीत दोनशे मानसं. पोटाला पानचट सूप आन् पावाचा तुकडा. भूक लागली की शंकर खीर सांगायचा. आठ पायल्या खपली, दोन ढेपा गूळ, चाळीस वाट्या खोबरं. पाखडण्यापासनं सांगायचा. आमी डोळं मिटून ऐकायचो. आमच्यातला एक तर म्हनायचा, आज नगं गड्या, काल लय झाली!"

आबा हसले नाहीत. "गूळ कवा घालायचा, सांगायचा?"

"दाना हसला की! एकदा त्यानं दीडच ढेप सांगितली. तवा बराकीत मारामारी झाली!"

आता आबा हसले.

"त्यानं समद्यांना आवतन दिलंय," बिरू म्हणाला. "सुटल्यावर पयल्या बेंदराला या म्हनून. मागच्या बेंदराला आमी बोटीवरच हुतो, म्हनून आवंदा आलो." मग त्यानं घरात नजर टाकली. "कुठं हाय शंकर? त्यो तर माझ्याआधी सुटला."

आईच्या हातात पाखडायचं सूप होतं. ते थांबलं.

"येतोय," आबा म्हणाले.

*

बेंदरापर्यंत असे अकरा जण आले. कोणी मेढ्याकडचा, कोणी तासगावचा, एक तर थेट बेळगावच्या पलीकडचा, अर्धं कानडी बोलणारा. प्रत्येक जण दारात तोच प्रश्न विचारायचा आणि आबा तेच उत्तर द्यायचे. अकराव्याला उत्तर देताना आवाज जरा बसला होता.

तात्या हळूच म्हणाला, "आबा, शंकर नसताना खीर कशी करायची?"

"त्यानं आवतन दिलंय," आबा म्हणाले. "बोलावलेली मानसं उपाशी धाडायची?"

बेंदराच्या सकाळी कणगी फोडली. गुऱ्हाळाच्या छपरात काहील चढली. आबांच्या हातात आता उलातणं ठरत नव्हतं. ते चिपाडांच्या ढिगावर बसून हुकूम सोडत होते आणि ढवळत होते ते आठ जवान. खरेच जवान, आणि दोन राखीव! उरला बिरू, तो जाळ घालत होता. दमले की उलातणं माझ्या हातात द्यायचे. मी तेव्हा चौदाची. शेवटी सगळेच दमले आणि उलातणं माझ्याच हातात राहिलं.

"दाना हसला का गं?" आबांनी विचारलं.

"हसला."

"घाला गूळ."

बऱ्याच वेळानं तळाकडून उलातण्याला एक वेगळाच जडपणा लागला. मी आबांकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "जाळ वढा."

पंगती बसल्या. गाव जेवलं, अकरा पाहुणे जेवले. बिरूनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. मग शेजारच्याला म्हणाला, "कॅम्पात जरा जास्त गोड हुती, न्हवं?"

मी पत्रावळ्या मोजत होते. शेवटची उचलली तेव्हा आबांनी विचारलं, "किती झाली?"

"दोनशे."

"मग झालं." आबा ढिगावरून उठले, पाय धुवायला गेले. तांब्या हातात घेतला आणि तसेच उभे राहिले.

बांधावरून एक माणूस येत होता. खाकी कपडे, खांद्यावर ट्रंक, एका पायानं जरा लंगडत. बिरू आधी उठला. मग बाकीचे दहाच्या दहा उठले. आईनं हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं, अगदी सावकाश, एक थेंब न सांडता. आणि मग पळाली.

सुटल्यावर दादा पायामुळं परदेशातल्या दवाखान्यात पडून होता. त्यानं तीन कार्डं टाकली होती. ती तिन्ही पुढच्या आठवड्यात आली!

आईनं त्याला सोडल्यावर तो काहिलीपाशी आला. आबांच्या पाया पडला. "आबा, उशीर झाला. पान वाढा."

आबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"पान न्हाई. दोनशे झाली. तू दोनशे एकावा."

दादा काहिलीकडं बघू लागला.

"बघतूस काय?" आबांनी हातातला तांब्या त्याच्यापुढं धरला. "बूट काढ. पाय धू. उतर."

दादानं बूट काढले. पाय धुतले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काहिलीत उतरला. अजून चटके बसत होते, पण तो बसला. गावाकडं पाठ करून बसला आणि खरवडायला लागला. छपराखाली तेवढाच आवाज.

मी कडेला उभी होते. हातात उलातणं तसंच.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. तांब्यात उरलेलं पाणी हलवून बघितलं आणि म्हणाले, "आन् तू गं? तुझं पाय काय सोन्याचं हायती? धू की!"

मी धुतले.